गणिताचं स्वप्न आणि ६१७४

महोदय,

वयाची पासष्टी उलटली तरी मला अजून गणिताच्या पेपरचं स्वप्न पडतं. घंटा झालेली, उत्तरपत्रिका कोरी आणि दिडकीचा पाढा काही केल्या आठवत नाही. पाढा चुकला की हातावर पट्टी बसायची, तिचाच हा वळ असावा.

परवा चौथीतली नात वजाबाकीवर रुसून बसली, तेव्हा देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवले. त्यांनी १९४९ साली शोधलेली गंमत तिला दाखवली. कोणताही चार अंकी आकडा घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिने ३५२४ घेतला. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. तेच पुन्हा केलं: ८७३० वजा ०३७८ (या शून्यापाशी गाडी अडलीच!), उत्तर ८३५२. आणखी एकदा, ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च!

मग बाबाच्या स्कूटरचा नंबर झाला, आईच्या मोबाइलचे शेवटचे चार अंक झाले. फार तर सात वजाबाक्यांत तोच आकडा. हातच्याच्या वीसेक वजाबाक्या झाल्या, एकदाही कुरकुर नाही. एवढाच गृहपाठ दिला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आपल्या बालपुरवणीत अशा गमतींना चार ओळींची जागा मिळावी. नात रविवारच्या अंकाची वाट पाहते आहे.

– एक आजोबा, नाशिक रोड