काकू, त्या पतंग-किड्यासाठी मनापासून आभार

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते न्यूझीलंडच्या डनीडिनमधल्या इतर मराठी घरांनाही कळायला हवं.

लेकीला शाळेत इथल्या एखाद्या किड्याबद्दल बोलायचं होतं. तुम्ही पर्समधून शंभर डॉलरची नोट काढलीत. पुढच्या बाजूचे शास्त्रज्ञ रदरफोर्ड तिला ओळखता आले. मग नोट उलटवून तुम्ही मोहुआ पक्ष्याच्या सोबतीचा पतंग दाखवलात: साउथ आयलंड लायकेन मॉथ. न्यूझीलंडबाहेर कुठेच न सापडणारा. शास्त्रात त्याची नोंद १८७५ साली झाली. लायकेन म्हणजे काय, ते काही तिला कळेना. तुम्ही उठलात, गोड्या मसाल्याच्या सामानातलं दगडफूल, म्हणजे लायकेनच, आणून तिच्या तळहातावर ठेवलंत आणि शेजारी फोनवर पतंगाचा फोटो धरलात. फिकट पंख, त्यावर वेडेवाकडे गडद डाग. "हा खोडावर बसला तर पक्ष्याला दिसणारच नाही!" हे तिचं तिनेच ओळखलं. तुम्ही उत्तर आधी सांगून टाकलं नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गुडघे दुखत असताना तुम्ही आम्हाला रानातही नेलंत, होरोएका नावाचं इथलं झाड दाखवायला. झाड लहान असताना पानं लांब, कडक, दातेरी, खाली लोंबणारी. मोठं झालं की आखूड नि रुंद. नामशेष झालेल्या मोआ पक्ष्यांपासून बचाव म्हणून हे रूप आलं असावं, असं काही शास्त्रज्ञ मानतात. होरोएकाच्या कुळातल्या झाडांवरच या पतंगाची अळी वाढते. आणि फरसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेले पॉसम नावाचे प्राणी, शिकारीसाठी आणलेली हरणं, दोघांनाही त्या कुळातली पानं फार आवडतात. हे ऐकून लेक गप्पच झाली. मग वाटेवरच्या पॉसमच्या सापळ्याशी थांबून तिने तुम्हाला इतके प्रश्न विचारले, की परतायला अंधार पडला. एकदाही कंटाळला नाहीत तुम्ही.

भाषण छान झालं. दगडफूल वर्गभर फिरलं, सगळ्यांनी हुंगून पाहिलं.

होरोएकाचं रोप देते म्हणाला होतात ना? कुंपणाकडेची जागा खणून ठेवली आहे. रोप घेऊन याल तेव्हा जेवूनच जायचं, भरल्या वांग्यांचा बेत आहे.

तुमची,
तुमच्या छोट्या मैत्रिणीची आई