पन्हाळ्याला जाण्याआधी

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आई, शिबिराला काय काय घेऊन जाऊ?’ मी टोपी, टॉर्च, दोन टॉवेल एवढं सांगून फोन ठेवला. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि तू बसमध्ये असलास की माझं अर्धंच ऐकतोस. म्हणून लिहिते आहे. मेसच्या रांगेत उभ्या उभ्या वाचू नकोस.

अपंगांच्या या शिबिरात स्वयंसेवक म्हणून तू नाव दिलंस याचा मला आनंद का झाला, ते आधी सांगते. अशा शिबिरांना स्वयंसेवक म्हणून मुली भरपूर येतात, मुलगे येत नाहीत. आले तरी शेकोटी, ट्रेक, स्टेज सजवणं यात पुढे आणि सकाळी सहा वाजता गायब. मग चाळीस वर्षांचा एखादा माणूस संडासला जायला कुणी पुरुष मिळतोय का याची वाट बघत व्हीलचेअरवर बसून राहतो. तुझं खरं काम तेच आहे, सकाळचं. अंघोळ, संडास, दाढी, कपडे. खेळ-गाणी घ्यायला दहा जण असतात.

त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते धसमुसळेपणाने करायचंही काम नाही. आधी विचारायचं की तुमचं तुम्ही काय करता आणि मी काय करू. एखाद्याला फक्त पँट वर ओढायला हात लागतो, बाकी सगळं तो स्वतः करतो. तू भसकन पुढे होऊन सगळंच करायला लागलास तर त्याच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं होतं. हात लावण्याआधी सांग, दार लोटून घे, आणि त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या स्वयंसेवकाशी गप्पा मारू नकोस. किळस येईल. सगळ्यांनाच येते आणि दोन दिवसांत जाते. ती तोंडावर मात्र दिसू देऊ नकोस, त्यांना ते तोंड फार ओळखीचं असतं.

पन्हाळ्याला मे महिन्यातही पहाटे गारवा असतो, म्हणून बंब पेटवतात. ज्याच्या मणक्याला इजा झाली आहे त्याला बरेचदा कमरेखाली कळत नाही. पाणी पोळतंय हे तो सांगू शकणार नाही, फोड आल्यावरच समजेल. पाण्यात आधी आपला कोपर बुडवून बघायचा, बोटांवर विश्वास ठेवायचा नाही. तेच उन्हात तापलेल्या लोखंडी बाकाचं आणि मांडीवर ठेवलेल्या चहाच्या स्टीलच्या पेल्याचं. अशा माणसाने तासन् तास एकाच जागी बसून राहणंही वाईट, कातडीला जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. त्याचा तो हातांवर जोर देऊन अधूनमधून अंग उचलतो. कार्यक्रम रंगला की विसरतो. तेवढी आठवण हळूच करून द्यायची.

तुम्हाला प्रशिक्षणात जो कागद दिला असेल, त्यात अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांची यादी असणार. १९९५ च्या कायद्यात सातच होते, स्वमग्नता (ऑटिझम) त्यात वेगळी नव्हतीच. यादी वाच, पाठ करू नकोस. नावाच्या चिठ्ठीवरून माणूस कळत नाही, हे अपंग मुलांच्या माझ्या वर्गात शिरून पहिल्या आठवड्यात कुणालाही समजतं. पण काही गोष्टी नावावरूनच माहीत असाव्या लागतात, कारण त्या चुकल्या तर इजा होते. मस्कुलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा आजार) असलेल्या मुलाला काखेत हात घालून कधीही उचलायचं नाही. त्याच्या खांद्यात ताकद नसते, हात वर जातात आणि तो तुमच्या हातातून खाली निसटतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून मजेमजेत कोलांटउड्या घ्यायला लावायच्या नाहीत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असलेल्याचा हात आखडला असेल तर ओढून सरळ करायचा नाही, आणि त्याच्या मागून जाऊन मोठ्याने हाकही मारायची नाही. अंग दचकतं, सगळं ताठ होतं, हातातला चहा सांडतो आणि मग माफी तो मागतो. मला हे बघवत नाही.

आता आकडीचं. एवढ्या लोकांत कुणाला तरी फिट येण्याची शक्यता धरूनच चाल. गर्दी जमेल, कुणी कांदा शोधायला पळेल, कुणी चप्पल हुंगवायला पुढे येईल, कुणी मुठीत किल्ल्या कोंबेल. तू या सगळ्यांना बाजूला सार. घड्याळात वेळ बघ, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, आजूबाजूचं टोकदार हलव, एका कुशीवर वळव. तोंडात चमचा, बोट, पाणी काही म्हणजे काही घालायचं नाही आणि हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं, किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली, तर गाडी काढायची. संपल्यावर त्याला गोंधळल्यासारखं होतं, कपडे ओले झालेले असू शकतात. अंगावर चादर टाक आणि लोकांना पांगव. फिटच्या गोळ्यांची वेळ सहलीच्या नादात चुकणं हे शिबिरात फिट येण्याचं नेहमीचं कारण. गोळ्यांचा तक्ता कुणाकडे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव.

हे सगळं मी शिकवू शकते, कारण हे शिकवण्यासारखं आहे. खरं सांगायचंय ते वेगळं.

हे शिबिर त्यांचं आहे, रे. तुझ्या सेवेसाठी ते भरवलेलं नाही. तिथे येणारे बरेचसे जण वर्षभर एका खोलीत, आईच्या किंवा वहिनीच्या नजरेखाली असतात. काय खायचं, कधी झोपायचं, कुणाशी बोलायचं हे दुसरा ठरवतो. ते पन्हाळ्याला येतात ते त्या नजरेतून सुटायला. रात्री एकपर्यंत पत्ते कुटायचे असतात. गेल्या वर्षी भेटलेली कुणीतरी या वर्षी येणार आहे का, हे बघायचं असतं. एकमेकांची टिंगल करायची असते, आणि ती ते आपल्यापेक्षा कितीतरी झणझणीत करतात. तुझं काम त्यांना तिथवर पोचवायचं आणि मग बाजूला व्हायचं. दोघं जण गप्पा मारत असतील तर तिसरा म्हणून जाऊन बसू नकोस, व्हीलचेअर जवळ लावून दे आणि चहा घेऊन ये.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात १९५१ साली कॅम्प जेनेड नावाचं अपंग मुलामुलींचं उन्हाळी शिबिर सुरू झालं होतं. सत्तरच्या दशकापर्यंत तिथलं वातावरण अगदी मोकळं होतं, काही स्वयंसेवक स्वतःही अपंग होते. ज्युडिथ ह्यूमन लहानपणी तिथे जायच्या, पुढे तिथेच काम केलं. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सरकारी इमारतीत अपंग लोकांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ ठाण मांडलं आणि त्यांच्या हक्कांच्या नियमांवर सही होईपर्यंत हलले नाहीत. ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक होत्या आणि शिबिरातले जुने सोबती त्यांच्याबरोबर होते. ही माणसं कुठे भेटली होती, तर शिबिरात, रात्रीच्या गप्पांत. इतक्या लांबचं कशाला, आपल्या कोल्हापुरात १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था सुरू केली ती नसीमा हुरजूक यांनी, आणि त्या स्वतः व्हीलचेअरवर. म्हणजे कोण कुणाला मदत करतंय हा प्रश्न तू समजतोस तितका सरळ नाही.

म्हणून आदराचं आधीच सांगते. तिथे पस्तिशीचे, पन्नाशीचे लोक असतील. बुद्धीने हळू असले तरी ते मोठे आहेत. ‘सोन्या’, ‘राजा’, ‘बाळा’ म्हणून गाल ओढायचे नाहीत. दादा, ताई, काका म्हण, अहो-जाहो कर. त्यांनी ‘तू म्हण’ म्हटलं तर म्हण.

बोलणं कळलं नाही तर मान डोलावून ‘हो हो’ म्हणायचं नाही. हे फार जण करतात आणि समोरच्याला बरोबर कळतं. ‘परत सांगा’ म्हण, चारदा म्हण. तरीही नाही कळलं तर जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखव, पुढचं तो जोडेल. वाक्य मधेच पूर्ण करू नकोस. तुला घाई असते, लहानपणापासून. माझं वाक्यसुद्धा तूच पूर्ण करतोस, आणि चुकीचं.

जेवणाचीही तीच गत. भरवायची वेळ आली तर उभं राहून भरवू नकोस, समोर त्याच्या उंचीवर बस. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि गिळलं की मगच पुढचा घास. मान मागे टाकून पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही. तू सांगलीहून भडंगाची पिशवी नेणारच, मला माहीत आहे. पण वाटत सुटू नकोस. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना कोरडं, भुगा होणारं खाणं सगळ्यात धोक्याचं. नाश्त्याचे पोहेही त्यातलेच. कुणाला चालतं ते विचारून दे.

पन्हाळ्याचे रस्ते तुला ठाऊक आहेत. तीन दरवाजापाशी दगडी फरसबंदी आहे, व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. तिथे खुर्ची जरा मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यायची. उतारावर आपण पुढे पाठ करून, खुर्ची उलटी. उचलायची तर सांगाड्याला धरून, हाताची टेकणी आणि पायाची पट्टी कधी निघून हातात येईल सांगता येत नाही. आणि कसं उचलायचं ते खुर्चीवरच्या माणसाने सांगायचं, तुम्ही चौघांनी आपसांत नाही. सज्जाकोठीच्या पायऱ्या पाहून एखादा म्हणेल, ‘मला वर नाही यायचं, मी इथे कणीस खातो.’ त्याला खाऊ दे. ‘नाही नाही, आम्ही उचलून नेतो ना!’ या उत्साहाने माझं डोकं फिरतं.

ज्यांना दिसत नाही त्यांचा हात पकडून ओढायचं नाही, आपला कोपर पुढे करायचा. जवळून निघून जाताना ‘मी चाललो’ म्हणायचं, नाहीतर ते हवेशी बोलत राहतात.

वळवाचा पाऊस येईल. पन्हाळ्यावर तो विजा घेऊनच येतो. श्रवणयंत्रं आधी डबीत जातील याकडे बघ. बऱ्याच स्वमग्न मुलांना गडगडाट सहन होत नाही. कुणी कानावर हात ठेवून ओरडायला लागलं, तर समजूत घालत बसण्यापेक्षा शांत खोलीत ने आणि दिवा मंद कर. तुझं बोलणंही त्यावेळी त्यांना आवाजच असतो. शेवटच्या रात्रीच्या स्पीकरचंही तसंच होणार. आवाज कमी करा म्हणायला तू जा, तू भांडखोर आहेसच.

एक नाजूक. एखादी शिबिरार्थी तुला सांगेल की तू मला आवडतोस. हसायचं नाही आणि मित्रांना सांगत फिरायचंही नाही. नीट, स्पष्ट, आदराने नाही म्हणायचं, जसं कॉलेजातल्या कुणालाही म्हणशील. बंद खोलीत कुणाहीबरोबर एकटा राहू नकोस. सकाळच्या कामातही दार लोटलेलं असलं तरी हाकेच्या अंतरावर दुसरा स्वयंसेवक हवा. आणि ‘परत भेटायला येईन’ असं उगाच म्हणू नकोस. तू सेमिस्टरमध्ये विसरशील, तिकडे कुणीतरी रोज दाराकडे बघत बसेल. फोन नंबर द्यायचा तर उचलायची तयारी ठेवून दे, दिवसातून पाच वेळाही येतो.

फोटो विचारून काढ. ‘आज एका विशेष मित्राला भरवलं’ असलं काही इन्स्टाग्रामवर दिसलं तर मी घरी येऊ देणार नाही. समारोपाच्या कार्यक्रमाला पाहुणे येतात, शाल-नारळ होतो, आणि मग एकेक स्वयंसेवक माईकवर येऊन ‘आम्ही यांच्याकडून खूप काही शिकलो’ म्हणत डोळे पुसतो. मागच्या रांगेत शिबिरार्थी जांभया देत असतात, त्यांना निरोपाच्या गप्पा मारायच्या असतात. तू माईक घेऊ नकोस. सामान बांधायला खूप असतं.

माझ्या वर्गातला एक जुना विद्यार्थीही यंदा येतो आहे. कोण ते सांगत नाही, नाहीतर तू त्याच्याकडे माझ्या डोळ्यांनी बघशील. तो तुला आडनावावरून ओळखेलच आणि माझ्याबद्दल काहीबाही सांगेल. त्यातलं बरंचसं खरं असेल. त्याच्याबरोबर कॅरमला पैसे लावू नकोस, हरशील.

तुझी,
आई

ता. क. नखं कापून जा. हातातलं कडं काढून ठेव, उचलताना ओरखडे येतात. आणि बाबांचा तो जुना कंबरपट्टा पाठवते आहे, लाजू नकोस, पहिल्या दिवसापासून बांध. उचलताना गुडघ्यात वाक, कमरेत नाही.