खाजणाचा बांध फोडायला शिकवणाऱ्या काकांना

काका,

नाव घालायचं नाही ही अट तुमचीच, म्हणून सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत होडी घालणारे काका एवढंच लिहितो. ओळखायचे ते ओळखतील.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीच्या पैशातून आम्ही पोरांनी कांदळ हे खारफुटीचं झाड लावलं. टोप्या, बॅनर, ड्रोन, सगळं होतं. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात दोरी धरून शेंगा खोचल्या. तुम्ही होडीतून विचारलंत, इथं याआधी कधी कांदळ बघितलंत काय? आम्ही हसलो. वर्षभरात खोडांवर शेवाळ आणि टणक कवचाचे जीव चढले आणि ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. त्या जागी पाणी फार वेळ उभं राहतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. फिलिपिन्समध्येही अशीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. लाखो डॉलर खर्चून नको तिथं नको ते झाड लावलं आणि साधारण १० ते २० टक्केच टिकलं. हे मी नंतर वाचलं. तुम्ही न वाचताच ओळखलं होतंत.

तरी ‘सांगितलं होतं ना’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पहिले आभार त्याचेच.

मग अमावस्येच्या उधाणाला मला पडीक खाजणावर, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या जुन्या शेतजमिनीवर, नेलंत. बांधातलं पाण्याचं दार, म्हणजे उघाडी, कधीची जाम, त्यामुळे भरतीचं पाणी बांधाला थडकून मागे फिरायचं. आत पावसात डबकं आणि मे महिन्यात मिठाने पांढरी पडलेली भेगाळ जमीन. पलीकडच्या जुन्या तिवरांच्या (हीही खारफुटीच) बुंध्याशी पाणी कुठवर चढतं, ते तुम्ही काठीवर कोयत्याने खुणावून घेतलंत आणि तीच काठी खाजणाच्या कडेला धरलीत. मी सर्वेक्षणाचं यंत्र भाड्याने आणायला निघालो होतो! “पाण्याक वाट करून दी, झाडां आपसूनच येतली,” म्हणालात. फ्लोरिडातले खारफुटीचे जाणकार रॉबिन लुईस हेच सांगायचे: आधी पाण्याचं येणं-जाणं सुधारा, लावणी सगळ्यात शेवटी.

खणायला चार दिवस लागले, सह्यांना अकरा महिने. सातबाऱ्यावरची निम्मी नावं मुंबईत. गणपतीला आलेल्या एकेकाला गाठून तुम्हीच पटवलंत. कार्यालयांचे खेटे मी घातले, त्याबद्दल काही लिहीत नाही. शेजारच्या भाताला खारं पाणी लागू नये म्हणून आतला जुना बांध आधी भरायला लावलात, हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

जुन्या वहाळाच्या तोंडाशी दोन ठिकाणी बांध कापला. खर्च म्हणजे फावडी, घमेली, चहा आणि उसळपाव. पावसात तिवरांच्या बिया गळाल्या आणि भरतीबरोबर तरंगत आत आल्या. पावट्याएवढं बी, साल सुटलेली, दोन जाड हिरवी दळं उघडलेली. वाकून बघितलं तर पायाखालीच होती, पाऊल टाकायला भीती वाटली. एक रोप विकत आणलं नाही. आता गुडघ्याच्या वर गेलीत, मध्ये कुठे चिपी ही वेगळी खारफुटीही दिसते. चिखलातले निवटे मासे उड्या मारतात, आणि कुर्ल्या पकडायला तुमचा नातू शाळा बुडवतो असं ऐकतो.

आभार मानलेले तुम्हाला आवडणार नाहीत, तरी मानतो. काठी अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या अमावस्येला शेजारच्या वाडीतली माणसं त्यांच्या खाजणावर बोलावतायत, तिथं लागेल. चतुर्थीला आणून देतो.

तुमचा,
टोपीवाल्यांपैकी एक