गणपतीला येताना जुना लॅपटॉप घेऊन या

सप्रेम नमस्कार,

वाचनालयाच्या मागच्या खोलीत नऊ संगणक आहेत. चार चालू आहेत, पाच टेबलाखाली उभे करून ठेवलेत. त्यांतला एकही कायमचा गेलेला नाही. सुटे भाग आणि जाणते हात कमी पडताहेत, एवढंच. हे आवाहन गावात राहणाऱ्यांना आहेच, पण मुंबई-पुण्याहून गणपतीला येणाऱ्या आपल्या चाकरमान्यांना जास्त आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१८नंतरचा प्रोसेसर लागतो. आपले दोन संगणक कोअर टू ड्युओचे, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय-३चे, म्हणजे सगळेच त्याहून जुन्या प्रोसेसरचे. मंडळाच्या बैठकीत दोन सूचना आल्या. एक, सगळे नवीन घ्या. तेवढे पैसे नाहीत, आणि पुस्तकखरेदीला हात लावायचा नाही हे ठरलेलं आहे. दुसरी, कुणाकडून तरी क्रॅक केलेलं विंडोज घालून घ्या. ती मंडळाने साफ नाकारली. इथे मुलं महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, म्हातारी माणसं सातबारा काढायला येतात, कुणी बँकेचं खातं उघडून बघतं. ज्याच्या आत कुणी काय घातलंय ते माहीत नाही, अशा यंत्रावर त्यांना आधार क्रमांक आणि पासवर्ड टाकायला लावणं आम्हाला पटत नाही.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली घातली. तिचे अनेक प्रकार आहेत: आय-३वर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, कोअर टू ड्युओवर डेबियन. मिंटला कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर बरी. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वाटून देण्याची कायद्याने मुभा आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, तेव्हा आपण काही जगावेगळं करत नाही. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच, लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत करता येतात.

घालणं सोपं होतं. पेनड्राइव्ह लावा, सुरू होताना एफ-१२ दाबा, अर्ध्या तासात काम झालं. निस्तरायला मात्र महिने गेले, आणि मदत नेमकी कुठे लागते ते त्यावरूनच कळेल.

एका संगणकावर कुठलीही साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं यायचं. बारावीच्या एका मुलीचा अर्ज त्यामुळे दोन दिवस अडला. आम्ही राउटर बदलला, लिनक्स दोनदा पुन्हा घातलं. शेवटी कुणाचं तरी लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं: १ जानेवारी २००९. बोर्डावरचा सेल संपलेला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जायचं. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर त्या तारखेशी ताडून बघतो, म्हणून त्याला सगळीच प्रमाणपत्रं अजून सुरू न झालेली दिसायची. सीआर २०३२ सेल बदलला आणि अर्ज गेला. जुना संगणक घरी असेल तर आधी तारीख बघा, मग बाकीचं.

दुसरं दुखणं आपल्या विजेचं. वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून चार-पाच वेळा वीज जाते. मध्येच बंद पडलेला संगणक पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘इनिट-रॅम-एफएस’ असं लिहून थांबतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आम्ही हार्डडिस्क गेली असं धरून चाललो होतो. बहुतेक वेळा फक्त फाइल सिस्टिम तपासून घ्यावी लागते, त्याच पडद्यावर एफएससीकेची आज्ञा देऊन. ती आता भिंतीवर लिहून लावली आहे आणि नववीतली मुलंही देतात. पण दर वेळी असा धक्का बसला की डिस्क खरंच जाईल. यूपीएस आहेत, त्यांतल्या बॅटऱ्या मेल्या आहेत. १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटऱ्या ही आमची आजची सगळ्यात मोठी गरज आहे.

कोकणातल्या दमटपणाने रॅमच्या पट्टीला गंज धरतो आणि संगणक नुसता बीप देत राहतो. पट्टी काढून तिचं सोनेरी टोक खोडरबराने हलक्या हाताने पुसलं की पुष्कळदा सुरू होतो. दोन संगणक असेच परत आले. एकावर सुरू होताना पडदा काळा राहायचा, तिथे सुरू होतानाच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द घालून काम भागलं, ग्राफिक्सचा कायमचा इलाज अजून सापडलेला नाही. छोटा लेझर प्रिंटरही अजून लिनक्सला दाद देत नाही. ज्याने हे सोडवलं असेल त्याने एक संध्याकाळ दिली तरी उपकार होतील.

काय होत नाही तेही सांगून ठेवतो. टॅलीचा किंवा विंडोजवरच्या ऑफिसचा हुबेहूब सराव इथे होणार नाही. आणि आपलं जुनं दाखल रजिस्टर, हजारो पुस्तकांच्या नोंदी, युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. ती फाइल आता उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फॉन्ट बदलून देणारा परिवर्तक वापरून बरंच निघतं, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, ती माणसानेच बसून दुरुस्त करायला हवीत. यासाठी संगणक कळायची गरज नाही. मराठी नीट वाचता येणारी, शांतपणे दोन-दोन तास बसणारी माणसं हवीत. निवृत्त शिक्षकांना ही विशेष विनंती.

वस्तूंमध्ये हवंय ते असं: डीडीआर-३ रॅम (डेस्कटॉपची आणि लॅपटॉपची, दोन्ही), १२० किंवा २४० जीबीच्या साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क), वर सांगितलेल्या बॅटऱ्या, ८ जीबीच्या पुढचे पेनड्राइव्ह, लॅनच्या केबल. यांत एसएसडीने सर्वांत जास्त फरक पडतो. त्याच संगणकाला सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागायची, आता अर्धा मिनिट लागतो.

जुना लॅपटॉप ६४ बिटचा असला तरच आणा. डेबियनची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, तिच्यात जुन्या ३२ बिट संगणकावर घालायची सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे पेंटियम ४च्या काळातली यंत्रं घेऊन आम्ही ती फक्त साठवून ठेवू. तो ई-कचरा कृपया अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्या. बॅटरी गेलेली, पडदा फुटलेला, काही बटणं उडालेली, हे सगळं चालेल. पडदा आमच्याकडे आहे.

तुमचे फोटो आणि कागदपत्रं आधी काढून घ्या. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं, म्हणून हार्डडिस्क आम्ही तुमच्यासमोर पूर्ण पुसतो. त्याला काही तास लागतात. तेवढा वेळ नसेल किंवा मनात शंका असेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकीचा लॅपटॉप द्या, आम्हाला जराही वाईट वाटणार नाही.

रोख देणगीची पावती लगेच मिळेल. ती रक्कम फक्त सुट्या भागांवर खर्च होईल आणि बिलांसह हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल.

दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवसापासून गौरी-विसर्जनापर्यंत रोज दुपारी २ ते ६ वाचनालय या कामासाठी उघडं राहील. स्वतःच्या संगणकावर लिनक्स घालून घ्यायचं असेल तर तेही इथेच करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. ज्यांना येत असेल त्यांनी शिकवायला या, नसेल त्यांनी शिकायला. लॅपटॉपबरोबर चार्जर आठवणीने आणा. गेल्या वर्षी आलेले दोन लॅपटॉप चार्जर न मिळाल्याने अजून कपाटात आहेत.

आपला,
कार्यवाह, कार्यकारी मंडळाच्या वतीने