तिसरा आठवडा

सोलापूर, जून

काय बे बाळ्या,

फोन लावला की तुझ्या शेजारी वहिनी असतात, माझ्या शेजारी आई, आणि हा विषय तसा निघत नाही, म्हणून लिहायलोय. तब्येत बरी, थायरॉईडची गोळी चालू, एमआरआय क्लीन. आईचे गुडघे तेच.

मुद्दा इंजेक्शनचा, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढल्यापासून पुरुषी हार्मोन बाहेरून घ्यावं लागतं ते. आधी दर तीन आठवड्याला टेस्टोस्टेरॉन एनान्थेट 250 मिलिग्रॅम चालू होतं ना, तेव्हाचा मी तू बघितलायस. सुई टोचली की पहिले काही दिवस पहाटे उठून सिद्धेश्वर तळ्याला चक्कर, गिऱ्हाईकाशी हसून बोलणं, भाकरी एक जास्त. मग तिसरा आठवडा आला की दुकानाचं शटर वर करायची पण इच्छा नाही, चिमीवर उगाच ओरडायचो. सुनीता तर कॅलेंडर न बघता सांगायची, सुई जवळ आली वाटतं. आधीचे डॉक्टर रक्तातलं हार्मोन तपासायचे ते सुईनंतर दोन-तीन दिवसांनी, तेव्हा आकडा 1100 च्या वर, म्हणजे सगळं मस्त! नव्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या सुईच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, सुई घ्यायच्या आधी तपासलं तर 180. नॉर्मल साधारण 300 ते 1000, आणि दोन्ही रिपोर्ट माझेच. किती मिलिग्रॅम एवढंच बघून डोस ठरत नाही, किती दिवसांनी हे पण बघावं लागतं.

मग आठवड्याला 100 केलं. अँप्यूल 1 मिलीची, त्यातलं 0.4 मिलीच घ्यायचं. तेल घट्ट असतं, म्हणून कंपाउंडर आधी अँप्यूल मुठीत धरून गरम करतो, जाड सुईने ओढतो, मग सुई बदलून टोचतो. उरलेलं फेकून देतो तेव्हा जीव जळतो. तू असतास तर तेही सोडलं नसतंस, तालमीत सगळ्यांच्या तांब्यातलं उरलेलं दूध तूच संपवायचास.

पण खरंच सांगतो, तो तिसरा आठवडा गेला होता. घर शांत झालं होतं.

आणि मे महिन्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, 54.6 आलं. 54 च्या वर गेलं की थांबवायचं असतं, कारण या औषधाने लाल पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं, गुठळीची भीती. त्यात आपलं ऊन, अंगातलं पाणी आटलं की आकडा अजून चढतो. बाई म्हणाल्या सुई बंद, पाणी भरपूर प्या, परत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करू, खाली आलं की आठवड्याला 75-80 ने सुरू करू नाहीतर सुईऐवजी अंगाला चोळायचं जेल. दत्ता म्हणतो रक्तदान कर आणि सुई चालू ठेव. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या सारखं रक्त काढलं तर शरीरातलं लोह संपेल, आणि जास्तीचा डोस तसाच राहील. मला पटलं.

आता सुईच नाही, म्हणजे संपूर्ण महिना तिसराच आठवडा चाललाय बघ.

तू पार्क चौकात चहा पिताना म्हणालेलास, चाळिशीनंतर सगळ्यांचंच असं होतं, सोड ते औषध. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो. मला अजून राग आहे त्याचा. पिट्युटरीची गाठ काढली तेव्हा ऑपरेशन थिएटरबाहेर बाकड्यावर तूच बसलेलास ना? वरून हुकूमच सुटत नाही तर खाली हार्मोन बनणार कसं? हे वयाचं नाही रे.

जेलने हिमॅटोक्रिट कमी चढतं म्हणतात. पण रोज सकाळी खांद्याला चोळायचं, हात साबणाने धुवायचे, ती जागा शर्टाखाली झाकायची, आणि लेकराच्या अंगाला लागू द्यायचं नाही, लहान पोरीला ते अजिबात चालत नाही. चिमी तर मी दारात चप्पल काढेपर्यंत खांद्यावर चढलेली असते. तिला रोज, आधी धुऊन येतो थांब, असं सांगायचं? आणि या गर्मीत घरात बनियनवर बसायचं पण नाही. त्यापेक्षा मला 80 ची सुई बरी वाटायलीये. मग 80 वर परत मरगळ आली तर, हाच घोर आहे, रात्री त्यानेच झोप उडते.

तुझ्या बदलीचं काय झालं? शंतनूला पास झाल्याबद्दल शाबासकी, वहिनींना बीपीची गोळी मधेच सोडू नका म्हणावं.

तू शनिवारी येणारच आहेस तर सोमवारपर्यंत थांब. सकाळी सीबीसी, संध्याकाळी बाईंकडे जायचंय. मी त्यांच्यासमोर बसलो की, बरंय, बरंय, एवढंच म्हणून उठतो. तू सांग त्यांना माझं कसं होतं ते, तू बघितलंयस. हुतात्माने ये, स्टेशनला गाडी घेऊन उभा राहतो.

तुझा
पप्या