सोळा नंबरची जर्सी

कोल्हापूर,
24 नोव्हेंबर 2024

प्रिय भावा,

फेब्रुवारीपासून तू इतके फोन केलेस आणि मी एकही उचलला नाही. तू पुण्यात बसून काय समजला असशील कुणास ठाऊक. राग तुझ्यावर नव्हता. फोन उचलला असता तर तू पहिलं विचारलं असतंस, "गुडघा कसा आहे?" आणि मला रडू आलं असतं. आता सांगता येतंय, म्हणून सगळं लिहितो.

गेल्या डिसेंबरातला फुटबॉल लीगचा सामना, शाहू स्टेडियम. कुणी पाडलं नाही मला. बॉल घेऊन आत शिरलो, डावा पाय रोवला आणि उजवीकडे वळलो. आतून 'कट्' असा आवाज आला, मला एकट्यालाच ऐकू आला. दुखलं थोडा वेळच, पण उभा राहिलो तर गुडघा आपला वाटेना. संध्याकाळपर्यंत सुजून नारळाएवढा झाला.

मग जे व्हायचं तेच झालं. नातेवाइकांनी एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तेल लावून पाय असा ओढला की डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन आठवडे गेले त्यात. शेवटी आपला संघ ज्या तालमीचा, तिथले म्हातारे वस्ताद घरी आले, पायाकडे नुसतं बघितलं आणि पप्पांना म्हणाले, "उद्या पोराचा एमआरआय करा. पैशाचं आम्ही बघतो." रिपोर्ट आला, एसीएल पूर्ण तुटला होता. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा लिगामेंट. तो एवढा तुटला की आपोआप सांधत नाही, आणि तो नसेल तर वळताना गुडघा निसटतो. डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत थांबवलं आणि जानेवारीच्या मध्यावर दुर्बिणीनं ऑपरेशन केलं. माझ्याच मांडीच्या मागची कंडरा काढून तिचा नवा लिगामेंट केला. तालमीच्या गणपतीच्या वर्गणीतली सगळी शिल्लक त्यात गेली, शिवाय पोरांनी घरोघरी फिरून गोळा केलं ते वेगळं. पप्पांच्या टेम्पोचे हप्ते चालू आहेत, तुला माहीतच आहे. त्यांनी तो पैसा दोन्ही हातांनी घेतला आणि आत जाऊन बसले.

ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचं अवघड होतं. पहिलं काम पाय सरळ करायचं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, बास. एवढ्यासाठी मी उशी चावायचो. तीन आठवड्यांत डावी मांडी अशी वाळली की आईनं चादर ओढून झाकून टाकली. गोलकीपर आठवड्यातून तीनदा गाडीवर बसवून फिजिओकडे न्यायचा. जाताना एक शब्द बोलायचा नाही, खड्डा आला की मात्र "धर रे" म्हणायचा. संध्याकाळी घरात पाच-सहा जण कॅरम खेळत बसायचे. मी तोंड फिरवून पडलेला असायचो. तरी यायचे. आईची चहा-खारी संपवायचे आणि जायचे.

फेब्रुवारीत कप्तानानं माझी आठ नंबरची जर्सी अकरावीतल्या एका पोराला दिली. तुझे फोन बंद केले ते त्या दिवसापासून. वर कप्तान म्हणतो, "याला मिडफिल्ड शिकव. सामन्याला गॅलरीत बस, वही घे, हा कुठं चुकतो ते लिही." आपल्याला काढून आपल्याच जागेवर बसवलेल्याला शिकवायचं! पहिल्या सामन्यात मी वहीत काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या सामन्यात लिहिलं, कारण पोरगं खरंच चुकत होतं. बॉल यायच्या आधी मागं वळून बघतच नव्हतं. ते सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात हजर. म्हणालं, "दादा, तुमचे व्यायाम मोजायला येऊ का?" तेव्हापासून ते रोज आलं. पाय किती वेळा उचलला ते मोजायचं, शिंप्याची टेप घेऊन दर रविवारी दोन्ही मांड्या मोजायचं आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानांवर आकडे मांडायचं. पुढच्या पानांवर त्याच्या चुका, मागच्या पानांवर माझी मांडी. ती वही तुला दाखवायचीय.

आता मे महिन्यातलं सांगतो. हे मी अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाही. स्पर्धेची फायनल होती. ऑपरेशनला चार महिने झाले होते आणि दुखणं पूर्ण थांबलं होतं. मी एकटा रंकाळ्यावर पळूनही बघितलं होतं. कप्तानाला म्हणालो, शेवटची पंधरा मिनिटं उतरव, कुणाला सांगू नको. तो नाही म्हणाला. मी नको नको ते बोललो त्याला. जर्सी काढून घेतलीस, आता पायसुद्धा काढून घे, असलं काहीतरी. त्यानं ऐकून घेतलं. मग मोबाईल काढून बार्सिलोनाच्या अलेक्सिया पुतेलासचा फोटो दाखवला. हीच दुखापत. जुलै 2022 मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर लिगामेंट तुटला आणि मैदानात परतायला एप्रिल 2023 उजाडला. त्याच ऑगस्टमध्ये स्पेननं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ती संघात होती. "जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ओर घेतलेली बाई दहा महिने थांबली. तू चार महिन्यांत उतरणार व्हय?"

फिजिओनंही तेच समजावलं होतं, मी कानाआड केलं होतं. दुखणं थांबलं म्हणजे नवा लिगामेंट तयार झाला असं नसतं. बसवलेल्या कंडरेला नव्यानं रक्त मिळून तिचा लिगामेंट व्हायला महिनोन् महिने लागतात, आणि नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका फार मोठा असतो.

फायनल आम्ही हरलो, एका गोलनं. हलगी थांबली, स्टेडियम रिकामं झालं आणि मी गॅलरीत बसून राहिलो. मला वाटत राहिलं, मी असतो तर. कप्तानालाही तेच वाटलं असणार, भावा. चषक हातचा जात असताना त्यानं माझा गुडघा राखला. घरोघरी पैसे मागणं मोठंच, पण मला विचारशील तर संघानं माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

पावसाळा सगळा सायकल, एका पायावरच्या बैठका आणि उड्या यात गेला. ऑक्टोबरात एका पायावर लांब उडी मारण्याची चाचणी झाली. डाव्याची उडी उजव्याच्या निदान नव्वद टक्के भरायला हवी, माझी भरली. आकडा पोरानंच लिहिला. आता सरावाआधी सगळा संघ फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्मअप करतो. कुरकुर करतात, पण करतात.

गांधी मैदानावर परत आलो तर नवीच पंचाईत. कुणी मला हातच लावेना. मी बॉल घेतला की वाट मोकळी. आठवडाभर असं चाललं. मग कप्तानानं बचावातल्या आपल्या जाडजूड स्टॉपरला काहीतरी सांगितलं असावं, कारण तो सरळ आला आणि बॉलसकट मला आडवा केला. मैदान चिडीचूप. मी मातीत पडून गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. काही झालं नव्हतं. उठलो तर तो धिप्पाड माणूस डोळे पुसत उभा.

पुढच्या महिन्यात लीग सुरू होईल. मी बेंचवर असेन. आठ नंबर पोराकडेच राहील, मीच तसं सांगितलं. आता ते मागं वळून बघतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला भारताकडून अंडर-17 वर्ल्ड कप खेळला तेव्हा आपण सातवीत होतो आणि दोघांनी वहीवर त्याचं नाव गिरवलं होतं. या पोराच्या वहीवर कुणाचं आहे माहीत नाही, विचारीन.

तारीख कळली की कळवतो. तू ये. आणि माझे शिनगार्ड तू जाताना बॅगेत घालून नेलेस ते अजून तुझ्याकडेच आहेत, ते घेऊन ये. आणि आज रात्री फोन कर, उचलतो.

तुझा,
सोळा नंबर