फादरांना वेळेवर बोलवा, आणि 11 फेब्रुवारीसाठी मदत करा

नमस्कार, आपल्या चर्चच्या आजारी सेवा गटातर्फे लिहितेय. 11 फेब्रुवारीला लूर्द मातेच्या सणाला, म्हणजे जागतिक रुग्ण दिनालाच, सकाळी 10 च्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) रुग्णाभ्यंग संस्कार, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायचा विधी, होणार आहे.

वसईत अजून पुष्कळ घरांत याला शेवटचा अभ्यंगच म्हणतात, फादर तेल घेऊन आले की संपलं असं धरतात आणि बोलवायचं टाळतात. आमच्याकडे हेच झालं. आई घाबरेल म्हणून आम्ही भावंडं आज नको उद्या करत राहिलो, शेवटी रात्री दोनला फोन केला, फादर स्कूटरवर आले तोवर ती बेशुद्ध होती. कपाळाला तेल लावलं, मग हातांना लावायचं तर तिची मूठ घट्ट, एकेक बोट मी सोडवलं. अभ्यंग मिळाला पण पापनिवेदन राहिलं, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) राहिलं, आणि ही बाई चालती होती तोवर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारचा मिस्सा कधी चुकवत नव्हती.

म्हणून कळकळीने सांगते, हा फक्त मरणाच्या दारातल्यांचा संस्कार नाही, हे चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच सांगितलंय आणि 1972 ला पोप पॉल सहावे यांनी विधीही तसा नवीन करून दिला. गंभीर आजार असेल, त्यासाठी मोठं ऑपरेशन असेल, म्हातारपणाने फार थकले असतील तरी घेता येतो, आजार वाढला तर परत घेता येतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) तर दुखणाइताने स्वतः मंडळीच्या वडिलांना, म्हणजे धर्मगुरूंना, बोलवावं असं आहे, म्हणजे तो शुद्धीवर असतानाच ना!

तेल फक्त धर्मगुरूच लावू शकतात, बाकी सगळं आपण करू शकतो. चर्चच्या तीन पायऱ्यांवर लाकडी रॅम्प करायचाय, व्हीलचेअर दोनच आहेत, आणखी भाड्याने आणायच्यात, आलेल्यांना पेज आणि चहा द्यायचाय, त्यासाठी जमेल तेवढी देणगी ऑफिसात द्या, पावती मिळेल. संस्काराला पैसे लागत नाहीत, कोणी संकोच करू नका. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी सकाळचे तीन तास द्या, आणि दोन धडधाकट पोरं सोबत आणा, खुर्ची उचलायला लागतात.

ज्यांना उठवतच नाही त्यांच्या घरी फादर त्याच आठवड्यात येतील, टेबलावर पांढरा कपडा, क्रूस आणि मेणबत्ती तेवढी मांडून ठेवा. आजाऱ्यांची नावं या रविवारपर्यंत द्या, आणि शेजारी कोणी एकटी म्हातारी असेल तर तिला विचारून तिचंही द्या.